फिर्यादीची संहिता : सांगणे आणि लिहून घेणे यांतील अंतर

प्रस्तावना

'फिर्याद' हा शब्द मराठीत फार्सीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक असा आहे. मराठी राज्यकारभारात तो रुळला तेव्हा त्याला न्यायासनापुढील गाऱ्हाण्याचा अर्थ प्राप्त झाला, आणि आज पोलीस ठाण्यातील एका विशिष्ट दस्तऐवजाचे नाव म्हणून तो आपल्या परिचयाचा आहे. हाकेचा दस्तऐवज होताना तिचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम खबरीविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरते : पोलिसांनी गुन्हा नोंदविला की नाही? हा प्रश्न गौण नाही. ठाण्याच्या पायरीवरून 'उद्या या' म्हणून परत पाठविलेल्या, किंवा दखलपात्र गुन्ह्याची हकीकत सांगूनही हाती केवळ 'एन. सी.'चा कागद पडलेल्या माणसाला भाषेचा सूक्ष्म विचार सुचणार नाही, आणि सुचूही नये. परंतु गुन्हा नोंदविला गेल्यानंतरही एक प्रश्न उरतो आणि तो भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. जे नोंदविले गेले ते कोणाचे? त्या कागदावर सही फिर्यादीची असते, निवेदन प्रथमपुरुषी असते, मजकूर 'माझे सांगणेप्रमाणे' असल्याची शेवटी ग्वाही असते. आणि तरीही त्यातील क्वचितच एखादे वाक्य फिर्यादीच्या तोंडचे असते. नागरिकाच्या तक्रार करण्याच्या अधिकारात स्वतःच्या शब्दांत तक्रार करण्याचा अधिकार अंतर्भूत आहे आणि अलीकडच्या सुधारणांनी नेमका हाच भाग अस्पर्श ठेवला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

कलमाची वाक्यरचना

१८९८ च्या आणि १९७३ च्या अशा दोन्ही फौजदारी प्रक्रिया संहितांमध्ये या विषयाचे कलम १५४ होते. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली आणि १५४ चे १७३ झाले. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस अधिपत्राविना अटक करू शकतात असा गुन्हा, घडल्याची माहिती ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास तोंडी दिली गेली तर त्याने ती स्वतः लिहून घ्यावी किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावी, माहिती देणाऱ्यास वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी, आणि तिचा सारांश विहित नोंदवहीत दाखल करावा, असे हे कलम सांगते. प्रत विनामूल्य द्यावयाची असते.

हे वाक्य सावकाश वाचले असता त्यात दोन निरनिराळ्या क्रिया आढळतात. पहिली माहिती लिहून घेण्याची, दुसरी सारांश नोंदविण्याची. सारांश वहीसाठी आहे. माहिती मात्र माहिती म्हणूनच कागदावर यावी अशी अपेक्षा आहे. तसे नसते तर ती वाचून दाखविण्याचे आणि सहीचे बंधन घालण्याचे प्रयोजन उरले नसते. व्यवहारात या दोन क्रिया एकमेकींत मिसळून गेल्या. लिहून घेणे हेच सारांश करणे झाले, आणि सारांश कायद्याच्या भाषेत करावयाचा असल्याने तो भाषांतरही झाला.

प्रथम खबरीचा हेतू कोणता, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४४ साली ख्वाजा नझीर अहमद प्रकरणात स्पष्ट केले होते. गुन्ह्याची वार्ता लवकर मिळावी आणि घटनेचा तपशील विस्मरणात जाण्यापूर्वी किंवा त्यावर रंग चढण्यापूर्वी तो नोंदला जावा, हा तो हेतू. विस्मरण टळते, हे खरे. रंगाविषयी मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही. तो बहुधा नोंदीच्या टेबलावरच चढतो.

त्यानंतरच्या न्यायनिर्णयांनी ठाण्याचे दार नागरिकांसाठी टप्प्याटप्प्याने उघडले. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल (१९९२) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणीच्या टप्प्यावर माहितीची विश्वसनीयता पारखण्याचा अधिकार पोलिसांना नाही. ललिता कुमारी प्रकरणी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेला निर्णय याच दिशेचा पुढचा टप्पा होय. माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदणी बंधनकारक आहे. वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, भ्रष्टाचार अशा काही प्रकारांतच मर्यादित प्राथमिक चौकशी करता येईल, असे पीठाने ठरविले. त्याच वर्षी झालेल्या फौजदारी कायद्याच्या सुधारणेने लैंगिक अत्याचार, ॲसिडहल्ला व मानवी व्यापार यांसारख्या विवक्षित गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकासाठी किमान सहा महिने ते दोन वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा आणली. भारतीय न्याय संहितेत आता ती कलम १९९ मध्ये आहे. कुऱ्हाडीच्या हल्ल्याची तक्रार नाकारणारा अंमलदार मात्र या कलमाच्या कक्षेबाहेर राहतो, हे येथे नोंदवून ठेवावे.

नव्या संहितेने आणखी काही दिले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती घ्यावीच लागते, म्हणजे 'झिरो एफ. आय. आर.' या प्रथेला संहितेचे अधिष्ठान लाभले. माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठविता येते. ती तीन दिवसांत सही केल्यावर अभिलेखावर घेतली जाते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन आहे. याउलट कलम १७३(३) ने तीन वर्षे वा अधिक परंतु सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या पूर्वपरवानगीने, १४ दिवसांची प्राथमिक चौकशी मान्य करून ललिता कुमारीने बंद केलेली एक खिडकी पुन्हा किलकिली केली आहे. ठाण्याने नकार दिला तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि तेथेही दाद न मिळाल्यास शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा मार्ग आहे. शपथपत्राची अट प्रियांका श्रीवास्तव (२०१५) या निर्णयातून आली व आता संहितेत समाविष्ट झाली आहे.

या सर्व तरतुदी दाराविषयीच्या आहेत. कोणाला, कोठे, किती दिवसांत आत घ्यावे, हे त्या ठरवितात. आत गेल्यावर जे बोलले जाते त्याचे काय करावे, याविषयी कलम १७३ आपल्या जुन्या पूर्वजाइतकेच मितभाषी आहे.

ठाण्याची मराठी

महाराष्ट्रातील प्रथम खबरीचा छापील नमुना अनेकांनी पाहिला असेल. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अपवाद वगळता खबरी २४ तासांत संकेतस्थळावर ठेवाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश असल्याने त्या आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. जिल्हा, पोलीस ठाणे, अधिनियम व कलम, घटनेचा दिवस व वेळ, ठाणे दैनंदिनीचा संदर्भ, घटनास्थळाची ठाण्यापासून दिशा व अंतर, तक्रार करण्यातील विलंबाची कारणे, मालमत्तेचा तपशील असे रकाने ओलांडीत आपण 'प्रथम खबर हकीकत' या रकान्यापाशी पोहोचतो. कथनाला जागा आहे ती एवढीच.

या हकीकतीचा आरंभ ठरलेला असतो. 'समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारलेवरून फिर्यादी जबाब लिहून देते की, मी वरील ठिकाणी माझे कुटुंबासह राहणेस असून शेती करून उपजीविका करते.' 'राहणेस', 'विचारलेवरून', 'माझे पती नामे' ही रूपे आज बोलीत नाहीत आणि प्रमाण लेखनातही नाहीत. ती केवळ ठाण्यात, तलाठी कार्यालयात आणि दस्तलेखकाच्या टेबलावर जिवंत आहेत. जुन्या कागदपत्रांच्या मराठीचा हा अवशेष भाषेच्या इतिहासकाराला मोहात पाडील. परंतु तो ज्या स्त्रीच्या तोंडी घातला जातो ती असे कधीच बोललेली नसते.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बांधाच्या वादातून झालेल्या हल्ल्याची हकीकत एक शेतकरी स्त्री सांगत आहे. ती म्हणते : 'मी खुरपत होते. त्याचा आवाज आला म्हणून मान वर केली, तर त्यानं कुऱ्हाड उचललेलीच. भावाच्या डोक्यावर घालणार, तेवढ्यात भावानं हात आडवा धरला. मनगटावर बसली. धाकटा बांधावर उभा होता, तो काही बोलला नाही. मग मी वरडले.'

हीच हकीकत खबरीत पुढीलप्रमाणे येईल : 'यातील दोन्ही आरोपींनी संगनमत करून शेताचे बांधाचे कारणावरून कुरापत काढून शिवीगाळ, दमदाटी करून माझे भावास जिवे मारण्याचे उद्देशाने कुऱ्हाडीने डावे हाताचे मनगटावर मारून गंभीर दुखापत केली आहे. म्हणून माझी त्यांचेविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.'

दुसरा मजकूर वरवर पाहता पहिल्यापेक्षा सबळ वाटतो. त्यात कलमाला आवश्यक असे सर्व शब्द आहेत. 'संगनमत' हा समान उद्देशाच्या तरतुदीसाठी, 'जिवे मारण्याचे उद्देशाने' हा खुनाच्या प्रयत्नासाठी, 'गंभीर दुखापत' हा घातक हत्याराने केलेल्या दुखापतीसाठी. चोरीच्या खबरीतही असेच घडते. 'अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेली' या वाक्यातील प्रत्येक क्रियाविशेषण चोरीच्या व्याख्येतील एकेका घटकाची जागा भरते. सायकल चोरीला गेलेल्या माणसाने चोरट्याचा इरादा पाहिलेला नसतो. त्याने रिकामी जागा पाहिलेली असते.

आता हरवलेल्या गोष्टी पाहू. भावाने हात आडवा धरला हे वाक्य गेले. घाव डोक्याच्या दिशेने आला होता, हे गेले. मारण्याचा उद्देश सिद्ध करू शकेल असा त्या संपूर्ण कथनातील एकमेव तपशील हाच होता. खबरीने 'जिवे मारण्याचे उद्देशाने' असा निष्कर्ष ठेवला आणि त्याचा आधार काढून टाकला. उरले ते मनगटावर मारलेल्या घावाचे वर्णन. आणि मनगटावर घाव घालून कोणी जीव घेत नाही, असा युक्तिवाद बचाव पक्षाचा वकील सहज करील. धाकट्याचे मौनही गेले. त्याऐवजी त्याला संगनमतात ओढले गेले, शिवीगाळही त्याच्या पदरी टाकली गेली. ही गोष्ट त्या स्त्रीने सांगितली नव्हती. ती निर्दोष असलेल्याच्या विरुद्ध जाते आणि दोषी असलेल्याच्या बाजूने वापरता येते, कारण अतिशयोक्तीचा एक धागा सापडला की संपूर्ण साक्ष उसवता येते.

याला ठाणे अंमलदाराची एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. बंदोबस्त, समन्स बजावणी, दूरध्वनी आणि रात्रपाळी यांच्या मधल्या वेळात तो ही हकीकत टंकलिखित करीत असतो. सांगणारी व्यक्ती भेदरलेली असते, घटना उलटसुलट क्रमाने सांगते. शिवाय खबरीत कलमाचे शब्द नसतील तर वरिष्ठ प्रश्न विचारतील, जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील अडचणीत येईल, या भीतीने सदहेतूनेच तो साचा वापरतो. कित्येकदा हा साचाच फिर्यादीला तारतो, कारण त्यामुळे गुन्हा दखलपात्र ठरतो. हे सर्व मान्य करूनही आक्षेप शिल्लक राहतो. छापील नमुन्यात कलमांसाठी स्वतंत्र रकाना आहे. कायद्याचे वर्गीकरण करण्याचे काम पोलिसांचे आहे आणि ते त्यांनी त्या रकान्यात करावे. हकीकतीच्या रकान्यात फिर्यादीकडून वर्गीकरण वदवून घेण्याची आवश्यकता ना कायद्याने सांगितली आहे, ना ललिता कुमारी निर्णयाने. माहितीतून गुन्हा दिसला पाहिजे, एवढीच त्या निर्णयाची अट आहे; माहिती देणाऱ्याने गुन्ह्याची व्याख्या म्हणून दाखवावी, अशी नाही.

अर्थात मराठीच्या अध्यापकांनी पोलिसांकडे बोट दाखविताना थोडे अंतर्मुखही व्हावे. व्यावहारिक मराठीच्या प्रश्नपत्रिकेत सायकल चोरीस गेल्याबद्दल पोलीस निरीक्षकांना पत्र लिहा, हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला जातो. गुण मिळतात ते मायन्याला, समासाला आणि 'आपला विश्वासू'ला. काय पाहिले, कोणत्या क्रमाने पाहिले, काय पाहिले नाही, हे लिहावयास आपण शिकवीत नाही.

जबाब आणि गाळलेला प्रश्न

'जबाब' या शब्दाचा मूळ अर्थ उत्तर. खबरीच्या आरंभीचा 'विचारलेवरून' हा शब्दही हेच सुचवितो की, कोणीतरी काहीतरी विचारले होते. मग प्रश्न कोठे आहेत? संपूर्ण हकीकतीत ते सापडत नाहीत. ठाण्यात प्रत्यक्षात घडतो तो संवाद. कागदावर येते ते स्वगत. 'त्यानं शिवी दिली का?' या प्रश्नाला फिर्यादीने नुसती मान हलविली असेल, तरी कागदावर ती स्वतःहून म्हणते, 'मला अश्लील शिवीगाळ केली.' 'अंगाला हात लावला का?' या प्रश्नाचे उत्तर 'मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले' असे उमटते. हे शब्द दंडविधानाच्या मराठी अनुवादाच्या परंपरेतून आलेले आहेत. कोणत्याही स्त्रीने आपल्यावर आलेला प्रसंग या शब्दांत आठवलेला नसतो. लज्जा तिला वाटली, की संताप आला, की भीतीने तिचे पाय जड झाले, हे या संहितेला कळत नाही.

यातील विसंगती फौजदारी कायद्याच्याच दुसऱ्या एका तरतुदीशेजारी ठेवली की ठळक होते. दंडाधिकाऱ्यासमोर आरोपी कबुलीजबाब देतो तेव्हा त्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याने दिलेले प्रत्येक उत्तर पूर्णपणे नोंदवावे, शक्य तोवर तो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत नोंदवावे, असे संहिता बजावते. १९७३ च्या संहितेतील १६४ आणि २८१ या कलमांतून आलेली ही काळजी आता १८३ आणि ३१६ मध्ये आहे. ती योग्यच आहे. आरोपीच्या तोंडी कोणी शब्द घालू नयेत म्हणून ती घेतली गेली. फिर्यादीच्या तोंडी शब्द घातले जाऊ शकतात, ही शक्यता मात्र कायद्याने विचारात घेतलेली दिसत नाही.

एका अर्थी पोलीस अधिकाऱ्याने चांगला वाचक असावे, ही अपेक्षा आता सर्वोच्च न्यायालयानेही व्यक्त केली आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदविला गेलेला गुन्हा न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. आरोप उच्चारलेल्या वा लिहिलेल्या शब्दांविषयी असेल तर त्या शब्दांचा अर्थ अधिकाऱ्याने नोंदणीपूर्वी पाहिला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सूत्र आहे. तेथे प्रश्न आरोपीच्या शब्दांचा होता. फिर्यादीच्या शब्दांविषयी इतकीच जागरूकता का असू नये, असे विचारावेसे वाटते.

न्यायालयातील वाचन

प्रथम खबर हा स्वतंत्र पुरावा नव्हे. खटल्यात ती दिलेल्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा साक्षीदाराला खोडून काढण्यासाठी वापरली जाते. व्यवहारात दुसरा वापर अधिक परिणामकारक ठरतो. घटनेनंतर काही वर्षांनी ती शेतकरी स्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि स्वाभाविकपणे जे पाहिले ते सांगते : घाव डोक्यावर येत होता, भावाने हात आडवा धरला. लगेच तिला विचारले जाते की, ही गोष्ट फिर्यादीत का नाही? सही आपलीच ना? मजकूर वाचून दाखविला होता ना? या प्रश्नांना तिच्याजवळ उत्तर नसते. 'मी सांगितले होते, त्यांनी का लिहिले नाही ते मला सांगता येणार नाही' हे महाराष्ट्रातील न्यायालयांत नित्य ऐकू येणारे वाक्य आहे. ते बहुधा कपट समजले जाते. त्या व्यवस्थेत उच्चारले जाणारे ते कदाचित सर्वांत सत्य वाक्य असावे.

प्रथम खबर म्हणजे विश्वकोश नव्हे, तिच्यात सर्व तपशील असण्याची अपेक्षा करू नये, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. ही उदारता स्वागतार्ह होय. परंतु ती तपशील राहून गेल्याला क्षमा करते. जे सांगितले होते ते लिहिले गेले नाही, हा वेगळा दोष ती ओळखत नाही. विलंबाबाबतही असेच दिसते. थुलिया काली (१९७२) या निर्णयाने खबरीतील विलंब कथनाच्या शुद्धतेला बाधक ठरतो असे सांगितले. पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग (१९९६) या निर्णयाने लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत कुटुंबाची प्रतिष्ठा, संकोच व भीती यांमुळे होणारा विलंब समजून घेतला. दोन्ही निर्णय वेळेचा हिशेब करतात. भाषांतराने होणारी हानी तत्काळ दिलेल्या फिर्यादीतही घडते, आणि तिच्यासाठी नमुन्यात रकाना नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या मराठी चित्रपटात न्यायाधीश साक्षीदाराचे बोलणे आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगत राहतात, अशी दृश्ये आहेत. ठाण्यात सुरू झालेली प्रक्रिया पुढे न्यायालयातही कशी चालू राहते, हे तेथे कोणत्याही भाष्याविना दिसते. मराठी समीक्षेने त्या चित्रपटातील लोकशाहिराकडे अधिक लक्ष दिले. टंकलेखनाच्या आवाजाकडे तितके दिले नाही.

या संदर्भात देसाईगंजचे प्रकरण टाळता येत नाही. मार्च १९७२ मध्ये, तत्कालीन चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील त्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले गेले, कारण तिच्या भावाने तक्रार दिली होती. तिच्यावर अत्याचार झाला तो त्याच ठाण्याच्या आवारात. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो निर्णय १९७९ च्या निर्णयसंग्रहात आला. आपण ओरडलो होतो, हे त्या मुलीचे म्हणणे न्यायालयाने खोटे ठरविले आणि अंगावर जखमा नसण्यातून संमतीचा अर्थ काढला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चर्चा घडविली आणि १९८३ साली कायदा बदलला. या इतिहासाची उजळणी सामान्यतः संमतीच्या व्याख्येसाठी केली जाते. 'फिर्याद' या शब्दाचा मूळ अर्थ मनात ठेवून तो निर्णय पुन्हा पाहिला तर वेगळेच काही जाणवते : ठाण्याच्या चार भिंतींत मारलेल्या हाकेची नोंद करणारे तेथे कोणीच नव्हते, आणि जी नोंदली गेली नाही ती मारली गेलीच नाही असे धरले गेले.

अपवाद कोठे आहे

कायद्याला ही जाणीव अजिबात नाही, असे मात्र नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ या कायद्यात ती स्पष्टपणे आढळते. बालकाने स्वतः माहिती दिली तर ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी; भाषा कळत नसेल तर अनुवादक किंवा दुभाषी द्यावा; जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावा, अधिकाऱ्याने गणवेशात असू नये; आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बालक जसे बोलले तसा जबाब लिहावा, असे तो कायदा सांगतो. 'जसे बोलले तसे' ही दोन टोकांना जोडणारी साधी अट कलम १७३ मध्ये असती तर या लेखाचे प्रयोजन उरले नसते. अठरा वर्षे पूर्ण होताच माणसाचे बोलणे जसेच्या तसे लिहिण्याच्या योग्यतेचे राहत नाही, असे कायद्याला म्हणावयाचे नसावे. पण परिणाम तोच होतो.

तंत्रज्ञानाची अडचण आता सांगता येणार नाही. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब भ्रमणध्वनीवर ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कलम १७६ मध्ये आहे. जप्त झालेल्या कुऱ्हाडीचे चित्रण सक्तीचे आणि कुऱ्हाडीचा घाव पाहिलेल्या व्यक्तीच्या पहिल्या कथनाचे ऐच्छिकही नाही, हा क्रम उलटा वाटतो. हकीकत सांगतानाचे ध्वनिमुद्रण खबरीसोबत जतन केले, विचारलेले प्रश्न कंसात का होईना लिहिले, आणि कलमांची भाषा कलमांच्या रकान्यापुरती ठेवली, तर त्यासाठी कलम १७३ चा एकही शब्द बदलावा लागणार नाही. लिहून घ्या, वाचून दाखवा, असेच ते कलम म्हणते.

सर्वांत बिकट स्थिती आहे ती मराठी ही ज्यांची भाषाच नाही अशा नागरिकांची. गडचिरोलीत गोंडी वा माडिया, मेळघाटात कोरकू, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरा वा भिलोरी बोलणारा प्रौढ माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याचे कथन दोनदा भाषांतरित होते : एकदा उपस्थितांपैकी कोणाच्या तरी मदतीने मराठीत, आणि नंतर मराठीतून ठाण्याच्या मराठीत. विवक्षित लैंगिक गुन्ह्यांत पीडित व्यक्ती विकलांग असल्यास दुभाषी वा विशेष शिक्षक देण्याची तरतूद कलम १७३ च्या परंतुकात आहे. केवळ भाषा निराळी असल्यास तशी तरतूद त्या कलमात नाही. मधल्या माणसाची सही कागदावर असतेच असे नाही. गावचा पोलीस पाटील सोबत आला तर तोच दुभाषी होतो. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार गुन्ह्याची वार्ता ठाण्यास कळविण्याचे कर्तव्य ज्याच्यावर आहे, तोच दुसऱ्याच्या वार्तेचा अनुवादक होतो, आणि पुष्कळदा तो दोन्ही पक्षांना ओळखणाराही असतो.

खबरीच्या अखेरीस छापलेले असते की, ती माहिती देणाऱ्यास वाचून दाखविली, बरोबर नोंदविली असल्याचे त्याने मान्य केले. त्याखाली 'आर. ओ. ए. सी.' अशी चार अक्षरे असतात आणि मग सही किंवा अंगठा. ज्या भाषेत ती वाचून दाखविली ती त्याला कळते काय, हे विचारणारी ओळ तेथे नाही. भाषा किंवा बोली यासाठी त्या नमुन्यात एक रकाना आहे खरा. तो सोबतच्या तक्त्यात, बांधा, उंची, दात, केस आणि डोळे यांच्या पंक्तीत बसविलेला आहे, आणि तो संशयित आरोपीच्या वर्णनासाठी आहे.